समजून घ्या : जुनी गिअरवाली ‘हायब्रीड’ घेताय? आधी फर्डिनांड पोर्शे यांचा हिशेब पाहा

सेकंडहँड बाजारात मारुती सुझुकीच्या सियाझ आणि एर्टिगाच्या काही डिझेल गाड्यांवर ‘एसएचव्हीएस’ अशी अक्षरे दिसतात. गाडी हायब्रीड आहे, असे विक्रेता सांगतो. आत मात्र नेहमीचा क्लच आणि हाताने टाकायचा गिअर. भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्याहून तुमसरला रोज ये-जा करणाऱ्याने या अक्षरांसाठी दोन पैसे जास्त मोजावेत का? हा हिशेब नवा नाही. हायब्रीड मोटार अगदी सुरुवातीच्या काळात रस्त्यावर आणणाऱ्या फर्डिनांड पोर्शे यांना तो आयुष्यभर पुरला.

टिनकाम करणाऱ्याचा मुलगा

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील माफर्सडोर्फ गावी झाला. हा भाग आता चेक प्रजासत्ताकात येतो. वडील पत्र्याचे काम करायचे. मुलाने दुकान सांभाळावे ही त्यांची अपेक्षा, तर मुलाला वेड विजेचे. दिवसा दुकान आणि संध्याकाळी तंत्रशाळा, असे त्यांचे शिक्षण झाले. घरात विजेचे दिवेही त्यांनी स्वतःच लावले. अठराव्या वर्षी ते व्हिएन्नातील एका विद्युत कंपनीत लागले. इंजिनीअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे मिळाल्या त्या मानद डॉक्टरेट.

१८९८ मध्ये ते बग्ग्या बनवणाऱ्या लोहनर कंपनीत गेले. मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवायची, ही त्यांची युक्ती. त्यामुळे गिअरही नको आणि चेनही नको. अशी विजेची गाडी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजली. अडचण होती बॅटरीची. शिशाच्या बॅटरीचे वजन चारशे किलोंच्या वर आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला जेमतेम ५० किलोमीटर. बॅटरी वाढवली की वजन वाढायचे आणि ते वजन ओढायला पुन्हा वीज लागायची.

यातून पंचविशीतल्या पोर्शे यांनी तोडगा काढला. गाडीत पेट्रोल इंजिन बसवायचे, पण चाकांना जोडायचे नाही. इंजिनाने फक्त जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी चालवायच्या. १९०० मध्ये ‘सेम्पर व्हिव्हस’ आणि पाठोपाठ ‘मिक्स्टे’ ही सुधारित गाडी आली. बॅटरी लहान झाली, पल्ला वाढला. पण एका गाडीत इंजिन, जनित्र, मोटरी आणि बॅटरी असा दुहेरी संसार आला. गाडी महाग झाली आणि मोजक्याच विकल्या गेल्या. १९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइमलरमध्ये गेले.

तीच युक्ती, रणगाड्यात

मधल्या काळात ते श्टुटगार्टच्या डाइमलर कंपनीत गेले आणि १९३१ मध्ये त्यांनी स्वतःचे कार्यालय काढले. हिटलरच्या राजवटीत सामान्यांसाठी स्वस्त मोटार बनवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे जगभर ‘बीटल’ म्हणून ओळखली गेलेली गाडी ती हीच. तिच्यासाठी तीन लाखांहून अधिक जर्मन नागरिकांनी आठवड्याला पाच मार्क भरून बचत केली. युद्ध लागले आणि त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. त्याच कारखान्यात युद्धकाळात वेठबिगारीने माणसे राबवली गेली. पोर्शे १९३७ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग गाळून पुढे जाता येत नाही.

युद्धातही त्यांनी पेट्रोल-विजेची जोडी सोडली नाही. ‘टायगर’ रणगाड्याच्या स्पर्धेत त्यांनी इंजिन-जनित्र-मोटर अशीच रचना दिली. तिला टंचाईत असलेले तांबे भरपूर लागे आणि बिघाडही फार. काम हेन्शेल कंपनीला मिळाले. पोर्शे यांनी आधीच बनवून ठेवलेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर सुमारे ६५ टनांची रणगाडाविरोधी वाहने उभी राहिली. त्यांना नाव मिळाले ‘फर्डिनांड’.

१९४५ च्या अखेरीस फ्रेंचांनी पोर्शे यांना अटक केली. १९४७ मध्ये सुटका झाली, तेव्हा तब्येत खालावली होती. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले. टोयोटाची प्रियस बाजारात यायला तेव्हा आणखी ४६ वर्षे होती.

मग गिअरवाल्या हायब्रीडमध्ये असते काय?

पोर्शे यांच्या गाडीत चाके पूर्णपणे विजेवर फिरत, म्हणून गिअरबॉक्स लागत नसे. १९९९ च्या होंडा इनसाइटने उलटा मार्ग धरला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक चपटी मोटर, सोबत पाच गिअर. मुख्य काम इंजिनाचे, मोटर नुसती हातभार लावणार.

२०१५ मध्ये भारतात आलेली एसएचव्हीएस त्याहून साधी. बेल्टने इंजिनाला जोडलेले एकच यंत्र स्टार्टर आणि जनित्र अशी दोन्ही कामे करते. गाडी थांबवून न्यूट्रल केली आणि क्लच सोडला, की इंजिन बंद होते. क्लच दाबताच पुन्हा सुरू. वेग उतरताना वीज बॅटरीत जाते, वेग घेताना थोडी मदत मिळते. ही गाडी नुसत्या विजेवर एक मीटरही चालत नाही.

आता आकडे. डिझेल सियाझचे प्रमाणित मायलेज लिटरला २६.२१ किलोमीटर होते. एसएचव्हीएसनंतर ते २८.०९ झाले. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण ३८ ऐवजी साडेपस्तीस लिटर, बचत अडीच लिटर. तीही चाचणीतल्या आकड्यांवर. इंजिन बंद-चालू होण्याचा फायदा सिग्नलवर, गर्दीत मिळतो. सिहोरा-तुमसर रस्त्यावर गाडी नागपूरसारखी मिनिटामिनिटाला थांबत नाही, त्यामुळे इथे वाचणारे डिझेल आणखी कमी धरलेले बरे. महिन्याचे किलोमीटर मोजा, त्यावरून वाचणारे लिटर काढा, ते डिझेलच्या दराने गुणा आणि विक्रेता मागतो त्या जादा रकमेशी ताडून पाहा.

मायलेजची भुरळ पडलीच असेल, तर सौदा करण्याआधी बॅटरी तपासा. तिच्यावर साध्या गाडीपेक्षा जास्त ताण असतो. जुन्या गाडीत तिच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी टाकलेली असू शकते. इंजिन नीट तापू द्या, एसी बंद ठेवा, सीटबेल्ट लावा आणि गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये क्लच सोडा. दोन-चार वेळा करूनही इंजिन बंद होत नसेल, तर मागची अक्षरे आहेत, पण यंत्रणा काम करत नाही असे समजा. भाव साध्या डिझेल गाडीचाच लावा आणि नव्या बॅटरीचा खर्च त्यातून वजा करा.