प्लेगच्या साथीतल्या सावित्रीबाई

स्वारगेटला एसटीतून उतरलं की गंज पेठेतला फुले वाडा पायी जाण्याइतका जवळ आहे. आपल्यातले कितीतरी जण त्या बाजूने येतात-जातात, पण आत डोकावणारे थोडेच. आम्हीही बरीच वर्षं त्यातलेच होतो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. लहान वयात लग्न, मुलींची शाळा, अंगावर आलेलं शेण आणि दगड हे सगळं आपल्या मुलांना पाठ आहे. १८५६ साली माहेरी आजारी असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, ही काळजी त्यात आहे. आपल्या घरांत फातिमाबींचं नाव प्रेमाने घेतलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण आम्हाला सांगायचंय ते त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. ताप, काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि बऱ्याचदा चार-सहा दिवसांत सगळं संपायचं. प्लेगचा जिवाणू हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच सापडला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे मात्र सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवलं. म्हणजे सावित्रीबाई रुग्ण उचलून आणत होत्या, तेव्हा कपड्यातल्या पिसवेपासून जपायला हवं हे सांगणारं कुणी नव्हतं. रोग फुफ्फुसात उतरला तर खोकल्यातूनही पसरतो, ते वेगळंच.

जोतीराव १८९० सालीच गेले होते. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला. त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्यावर दवाखाना घातला. लोक गाव सोडून पळत होते आणि साठी ओलांडलेली ही बाई वस्त्यांमधून रुग्ण शोधून आणत होती. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा पांडुरंग आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. पडद्यातल्या बायकांचाही मुलाहिजा राहिला नाही. आपल्याकडच्या आणि हिंदूंच्या, दोन्हींकडच्या तक्रारी झाल्या. लोक रुग्ण लपवायला लागले, आणि लपवलेला रुग्ण म्हणजे साथीला खुलं दार. रुग्ण अलग ठेवणं चूक नव्हतं. ससाणे मळ्यातही तेच होत होतं. फरक न्यायला कोण येतं, याचा होता, असं आम्हाला वाटतं.

आज प्लेगवर अँटिबायोटिक आहे, वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. तरी १९९४ साली बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग निघालाच. तेव्हा गावकऱ्यांना गोळ्या दिल्या, घरांत पिसवा मारायची पावडर फवारली.

डॉक्टर यशवंत आईनंतर आठ वर्षं जगला. १९०५ साली प्लेगनेच तोही गेला.