गुरांमागे पोरं, पोरांमागे शाळा : ताराबाई मोडक आणि कोसबाडची कुरणशाळा

डिसेंबर आला की मोबाइलवर एक ठरलेली रील येतेच. अमेरिकेतलं नाहीतर कॅनडातलं एखादं डेअरी फार्म, गुडघाभर बर्फ, लाल रंगाचा गोठा आणि त्या बर्फात घसरगुंडी खेळणारी शेतकऱ्याची पोरं. दूध काढून झालं, गुरांना चारा टाकला की दिवसभर नुसता धिंगाणा. आपण इकडे पंखा चालू ठेवून ती रील बघतो आणि म्हणतो, काय नशीबवान पोरं आहेत.

आता बोईसरहून डहाणूची लोकल पकडा. वाणगाव गेलं, डहाणू रोड आलं. तिथून बोर्डीकडे जाताना वाटेत एक टेकडी लागते, तिचं नाव कोसबाड. या भागातल्या वारली पाड्यांवरच्या पोरांचाही हिवाळा गुरांबरोबरच जायचा. बर्फ नव्हता, पण पहाटेचा गारठा होता, शेकोटी होती, भाताची कापणी झालेली मोकळी खाचरं होती, बोरं आणि आवळे होते. गुरं चरायला सोडली की झाडावर चढायचं, गलोल मारायची, ओहोळात खेकडे शोधायचे. मजा होतीच. फरक एवढाच की ती गुरं बहुतेक वेळा त्यांच्या बापाची नसायची, सावकाराची किंवा जमीनदाराची असायची.

या पोरांना शाळेत कसं आणायचं, हा प्रश्न अनेकांना पडला होता. एका बाईंनी मात्र तो उलटा करून पाहिला. पोरं शाळेत येत नसतील तर शाळाच कुरणात न्यायची. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. आज ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो त्या कल्पनेचं एक मूळ या टेकडीच्या परिसरात आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचं काम करणारे. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. ज्या काळात विधवाविवाह केल्यावर नातेवाईक घरी येणं बंद करायचे, त्या काळातली ही गोष्ट. त्यामुळे चारचौघांपेक्षा वेगळं वागलं तर काय किंमत मोजावी लागते, हे ताराबाईंना घरातूनच ठाऊक असणार. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बीए झाल्या. पुढे अमरावतीच्या एका वकिलाशी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. १९२१ साली दोघं वेगळे झाले. शंभर वर्षांपूर्वी पदवीधर बाईने नवऱ्यापासून वेगळं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहायचं, याला काय लागत असेल ते प्रत्येकाने आपापल्या घरात विचारून बघावं.

त्यानंतर ताराबाई राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. नोकरी प्रतिष्ठेची होती. पण तिकडेच, भावनगरमध्ये, गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. वकिली सोडून त्यांनी लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं होतं. गुजरातमध्ये लोक त्यांना प्रेमाने मिशीवाली आई म्हणायचे. तिथे मार नाही, पाठांतराची सक्ती नाही, परीक्षेची भीती नाही. इटलीच्या मारिया माँटेसरींची पद्धत गिजुभाई आपल्याकडच्या मुलांना लावून बघत होते. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांच्याकडे गेल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघायचं, त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. मग त्या मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथवर सगळं छान चाललं होतं. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं, शिकलेले आईबाप, नीटनेटकी शाळा. ताराबाई तिथेच राहिल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलंच असतं. पण एक गोष्ट विसरायला नको. माँटेसरीबाईंनी १९०७ साली आपली पहिली शाळा काढली ती रोममधल्या गरिबांच्या वस्तीत. भारतात येईपर्यंत ती पद्धत श्रीमंतांची झाली होती. लाकडी मनोरे, गुळगुळीत ठोकळे, मापात बनवलेल्या पेट्या यांचा खर्च खेड्यातली कुठली शाळा करणार?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचं अंतर, पण जोडी अशी जमली की आज एकीचं नाव घेतलं की दुसरीचं आपोआप येतं.

१९४५ हे साल इथल्या लोकांसाठी साधं नव्हतं. डहाणू, उंबरगाव, पालघर हा पट्टा गवताचा. मुंबईतल्या तबेल्यांमध्ये ज्या म्हशी उभ्या असायच्या, त्यांचा चारा इथून जायचा. म्हणजे मुंबईकरांच्या चहातल्या दुधाची सुरुवात इथल्या माळावर व्हायची. पावसाळा संपला की गवत कापायचं, वाळवायचं, गठ्ठे बांधायचे. हे काम करणारे वारली. बदल्यात मिळायचं अगदी थोडं, आणि कित्येकदा काहीच नाही, कारण वेठबिगारी होती. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघं सावकाराकडे बांधली जायची. त्यांना लग्नगडी म्हणायचे.

गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ नाकारली. गवतकापणीचा संप केला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मारले गेले. गोदावरीबाई आणि ताराबाई यांचे रस्ते वेगळे होते. एक मजुरीच्या दरावर लढत होती, दुसरी तीन वर्षांच्या पोरांची नखं कापत होती. पण दोघींसमोर तीच घरं होती. पुढे मुंबईतल्या म्हशीच गवतापाशी आणायच्या म्हणून याच भागात दापचरीला सरकारी दुग्ध प्रकल्प झाला. पण ती गोष्ट वेगळी, कधीतरी सविस्तर सांगावी लागेल.

नखं कापण्याचं उगाच लिहिलेलं नाही. बालवाडीची सुरुवात खरोखर तिथूनच झाली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, खरजेला औषध लावायचं. त्यानंतर गाणी आणि गोष्टी. महागडी साधनं नव्हती, म्हणून ताराबाईंनी आजूबाजूला जे पडलेलं होतं तेच उचललं. समुद्र जवळ होता, तिथले शिंपले आले. ओहोळातले गोटे, झाडांच्या बिया, पानं, फुलं, बांबू आले. लहानमोठं लावायचं असेल तर गोटे, रंग ओळखायचे असतील तर पानंफुलं, मोजायचं असेल तर चिंचोके. माँटेसरींचं तत्त्व तेच ठेवलं, फक्त इटालियन लाकडाच्या जागी पालघरचा माळ आला.

तरीही सगळी मुलं येईनात. गावात मधोमध बालवाडी असली की दलित वस्तीतली आणि पाड्यावरची मुलं तिथवर पोचत नसत. काही अंतरामुळे, काही जातीमुळे. मग ताराबाईंनी ठरवलं की बालवाडी त्यांच्या अंगणात भरवायची. बाई वस्तीत जाणार, एखाद्या घरासमोरच्या अंगणात बसणार, तिथेच पोरं गोळा होणार. याला अंगण-बालवाडी म्हणू लागले. याचा दुसरा फायदा असा की दारात बसलेली आई सगळं बघत असायची. पोराला आंघोळ कशी घातली, काय खाऊ दिला, हे भाषण न देता तिच्यापर्यंत पोचायचं.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या आसपास होत्या. या वयात माणसं गावाकडून शहरात मुलांकडे राहायला जातात. इथे मात्र पाडे विखुरलेले, भाषा वारली. शाळेच्या पुस्तकातली मराठी या मुलांना जवळजवळ परकीच.

आणि इथेच गुरांचा प्रश्न समोर आला.

सहा-सात वर्षांचा मुलगा म्हणजे घरातला कमावता माणूस. तो गुरं राखायला गेला तर त्याला मालकाकडून जेवण मिळायचं, घरचं एक तोंड कमी व्हायचं. शेतात भात उभं असताना गुरांवर डोळा ठेवावाच लागतो, नाहीतर पीक गेलं. त्याला शाळेच्या घंटेचं काय कौतुक? बरं, नुसती गरिबीच आड येत होती असंही नाही. त्याला कुरणातलं आयुष्य आवडतही होतं. दिवसभर उघड्यावर हिंडणाऱ्या पोराला चार भिंतींत मांडी घालून बसवणं म्हणजे शिक्षाच. सरकारी यंत्रणा अशा मुलांना गळती या शब्दात मोजते. ताराबाईंनी त्यात वेगळं काहीतरी पाहिलं. या मुलाला गुरं ओळखता येतात, कुठलं गवत कुठे उगवतं ते कळतं, सावलीवरून वेळ सांगता येते, पक्ष्यांचे आवाज पाठ आहेत. दादरच्या मुलाला यातलं एकही येत नाही. मग अडाणी कोण?

त्यातून कुरणशाळा निघाली. शिक्षक सामान घेऊन गुरांच्या मागोमाग माळावर जाणार. गुरं चरतील तोवर पोरं झाडाखाली जमणार. गाणी, गोष्टी, मोजणी, अक्षरं. गणित शिकायला समोर जिवंत गुरं होतीच, आणि निसर्गाचा पाठ वेगळा घ्यायची गरज नव्हती. मधेच एखादी गाय भलतीकडे वळली तर तिच्यामागे धावायचं, परत यायचं, पुढचं सुरू.

ऐकायला हे फार गोड वाटतं. आजच्या काळात याची रील झाली तर लाखो लाइक्स मिळतील. पण एक टोचणारा प्रश्न आहे आणि तो टाळू नये. शाळा कुरणात नेली म्हणजे पोराने गुरं राखायला हरकत नाही, असं आपण मान्य केलं का? बालमजुरी तशीच ठेवून तिच्यावर अक्षरांची झालर लावली का? हा आक्षेप चुकीचा नाही. जमीन कोणाची, गुरं कोणाची, हे कुरणशाळेने बदललं नाही, ते बदलायला गोदावरीबाईंचा रस्ता लागत होता. पण उलट बाजूही बघा. मजुरी संपेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर तेवढ्यात एक अख्खी पिढी म्हातारी झाली असती. आम्हाला तरी ताराबाईंचं पारडं जड वाटतं.

शिवाय त्या कुरणाशी थांबल्या नाहीत. मुली शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटं भावंड असतं म्हणून. मग भावंडालाही घेऊन ये. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. याला विकासवाडी असं नाव होतं. मोठी बहीण वर्गात, मधला बालवाडीत, तान्हं पाळण्यात, आणि तिघं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. दिवसा येऊ न शकणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. एका घरातलं एकही मूल सुटू नये, अशी ती रचना होती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांमध्ये सुरू केली. वस्तीतच भरणाऱ्या तिच्या केंद्रांचं नाव होतं अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजनाची नोंद असं बरंच काही तिथे चालतं. ताराबाईंच्या अंगणातली गाणी आणि शिंपले त्यातल्या किती ठिकाणी उरलेत, ते आपापल्या गावच्या अंगणवाडीत डोकावून पाहावं.

कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं. त्यांना पद्मश्री मिळाली, जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी हा सगळा प्रवास लिहून ठेवला आहे. १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आलेल्या अनुताई १९९२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या. मधली सत्तेचाळीस वर्षं त्यांनी याच भागातल्या पोरांमागे काढली.