कै. रमाबाई रानडे : देवराष्ट्रे ते सेवासदन

ज्ञातीच्या वार्षिक अंकातून थोरांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे. परंतु चरित्र वाचून मन घटकाभर उन्नत व्हावे आणि अंक मिटताच सर्व काही जेथल्या तेथे राहावे, असे होऊ नये. यंदा आम्ही कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र निवडले ते याच हेतूने. खेड्यातील मुलीच्या हाती विद्या देणे आणि त्या विद्येच्या बळावर घराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य तिच्या अंगी आणणे, ही दोन निराळी कामे आहेत. दुसरे काम पहिल्याहून अधिक कठीण आहे, ही गोष्ट रमाबाईंच्या आयुष्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८६२ मध्ये देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९१३ साली यशवंतराव चव्हाण यांचाही जन्म याच गावी झाला. त्या काळी मुलीला अक्षर शिकविणे हे अशुभ मानीत. त्यामुळे माहेरी रमाबाईंना लिहिण्यावाचण्याचा गंधही नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ साली, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे असून नुकतेच विधुर झालेले होते. विधवाविवाहाच्या या कैवाऱ्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान कुमारिकेशी लग्न लावले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अन्याय्य होती असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु ज्या मुलीचा हात धरला तिला अज्ञानात ठेवावयाचे नाही, हा निश्चय त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

सासरी आल्यावर थोड्याच दिवसांत पाटी-पेन्सिल हाती आली. मुळाक्षरांपासून आरंभ करून मराठी, आणि पुढे इंग्रजी, असा हा अभ्यास वर्षानुवर्षे चालला. पती शिकवीत होते म्हणून वाट सोपी होती असे कोणी समजू नये. पुरुष दिवसभर कचेरीत असत, आणि घरात दिवस काढावयाचा तो वडील बायकांच्या सहवासात. टोमणे, अबोला, कामातील खोडी, हे सर्व रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर द्यावयाचे नाही आणि पुस्तकही सोडावयाचे नाही, असा त्यांचा क्रम होता.

माधवरावांची बदली नाशिकास झाली असता तेथील शाळेच्या समारंभात बोलण्याचा प्रसंग रमाबाईंवर आला. त्यांच्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण. ते त्यांना माधवरावांनी लिहून दिले होते. पुढे पुण्यास मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालली, तेव्हा प्रतिष्ठितांच्या सभेत त्यांनी इंग्रजीत भाषण वाचले, आणि घरी येऊन त्याचे प्रायश्चित्त बोलण्यांच्या रूपाने भोगले. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या बाई सभा गाजवू लागल्या, त्यांचेही पहिले शब्द दुसऱ्याने लिहून दिलेले होते. धीर हा जन्मतः कोणाजवळ नसतो. आरंभी तो कोणाकडून तरी उसना घ्यावा लागतो, आणि मग वापराने तो आपला होतो.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे देहावसान झाले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. पुण्यास येऊन सुमारे वर्षभर त्या लोकांपासून दूर राहिल्या. त्या काळच्या विधवेने उरलेले आयुष्य तसेच कंठिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु हळूहळू त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांकडे जाऊ लागल्या, आणि १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल या दोघा गृहस्थांनी मुंबईस सेवासदन काढण्याचे योजिले, तेव्हा अध्यक्षपदासाठी ते रमाबाईंकडे आले. मलबारी पारशी, गिदुमल सिंधी. हे ज्ञातीचे स्मरणपुस्तक असले तरी सांगितलेच पाहिजे की, या संस्थेचे दार कोणत्याही जातीच्या स्त्रीस बंद नव्हते. पुढल्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे साहाय्य त्यास लाभले. लेखन, वाचन, शिवणकाम, प्रथमोपचार असे वर्ग भरू लागले. तरुण विधवा येत, संसारातील कामे आटोपून सुवासिनी येत. बाहेरगावाहून येणाऱ्या स्त्रियाही असत.

येथवरचे काम इतरही करीत होते. सेवासदनाचा विशेष तो पुढचा. शिवण शिकलेली बाई घरी परत जाई आणि पुन्हा दिराजावांच्या तोंडाकडे पाही. तिला स्वतःच्या पायावर उभी करावयाची तर नुसता हुन्नर पुरत नाही, ज्याला वेतन आहे असे काम हवे. अशी दोन कामे समोर होती, एक शिक्षिकेचे आणि दुसरे रुग्णशुश्रूषेचे. शिक्षिकेचे काम लोकांस कसेबसे पटले. परंतु परक्या रोग्याच्या अंगाला हात लावावयाचा, त्याची घाण काढावयाची, रात्री दवाखान्यात जागावयाचे, हे कुलीन घरच्या मुलीने करावे ही कल्पनाच लोकांना असह्य वाटे. अशा काळात पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या स्त्रिया शुश्रूषा शिकू लागल्या.

हे केवळ उपदेशाने घडले नाही. मुलगी राहील कोठे, तिच्यावर लक्ष कोण ठेवील, रात्री परतेल कशी, या आईबापांच्या प्रश्नांस सेवासदनाने वसतिगृहे काढून उत्तर दिले. शुश्रूषा शिकणाऱ्यांसाठी एक वसतिगृह, वैद्यकी शिकणाऱ्यांसाठी दुसरे. शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेजही निघाले. १९१५ साली पुण्याची संस्था रीतसर नोंदली गेली.

एक प्रसंग अवश्य सांगण्याजोगा आहे. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात एक विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. अंगावर लाल अलवण, केशवपन केलेले मस्तक पदराने झाकलेले. तिला पाहून प्रेक्षकांत बसलेल्या कॉलेजच्या तरुणांनी हुर्यो केली. समारंभाच्या शेवटी रमाबाई आभार मानण्यास उठल्या त्या संतापाने लाल होऊन. जन्मभर अपमान मुकाट्याने गिळणारी ही बाई त्या दिवशी गप्प बसली नाही. तुम्हांस सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांस विचारले. ज्याच्या घरी बहीण, आत्या, मावशी वा प्रत्यक्ष आई विधवा नाही असा तुमच्यात एकतरी आहे काय, असाही प्रश्न केला. आपल्यावरील टोमणे सोसावयाचे, पण आपल्या विद्यार्थिनीवरील एकही सोसावयाचा नाही, अशी ही वृत्ती. व्यासपीठावरील त्या बाईस बक्षिसापेक्षा त्या चार वाक्यांनी अधिक बळ दिले असेल, असे आम्हांस वाटते.

मुलींच्या प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीसाठी पुण्यात १९२० साली जी चळवळ झाली तीतही रमाबाई अग्रभागी होत्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता थोडे आमच्याविषयी, कारण त्यावाचून हा लेख अपुरा राहील. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ खेड्यातील शाळांत शिकविले. आमच्या हाताखाली सातवी झालेली एक मुलगी पुढे तालुक्याच्या गावी बारावी झाली, आणि तिला परिचारिकेच्या शिक्षणक्रमास जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवेश मिळाला. वडिलांनी आम्हांस बोलावून तेच प्रश्न विचारले. कोठे राहील? सोबत कोण? आम्ही शिक्षणाच्या महत्त्वावर चार शब्द बोललो, चहा घेतला आणि घरी परतलो. तिच्यासोबत एस. टी. त बसून ते वसतिगृह पाहून यावे, हे आम्हांस सुचले नाही. त्या वैशाखात तिचे लग्न झाले. गुणपत्रिका तिच्या ट्रंकेत राहिली. हा दोष तिच्या वडिलांचा नव्हे, आमचा होय.

आपला समाज गुणवंत मुलींना दरवर्षी श्रीफळ व प्रशस्तिपत्र देतो. ते द्यावेच. परंतु आमची नम्र सूचना आहे की, शिष्यवृत्ती निधीतून शहरात चार मुलींपुरती एक खोली घ्यावी, आणि गावाकडून प्रथमच येणाऱ्या मुलीला न्यावयास समाजातील एका नोकरदार भगिनीने स्टँडवर जावे. प्रवेशाचा अर्ज, मुलाखत, पहिला पगार होईपर्यंतचे दिवस, या सर्वांत तिच्याशेजारी कोणी असावे. काम लहान आहे. ते एकदा मनावर घेतले, तर देवराष्ट्र्याच्या त्या मुलीला आपण खरी आदरांजली वाहिली असे होईल.