लोकांनी वेड्यात काढलं, कर्जापायी तुरुंगात गेला, पण पठ्ठ्याने अमेरिकेतल्या तळ्याचा बर्फ भारतात आणून विकला

बाईकवर कॅम्पिंगला जायचं ठरलं की तंबू, स्लीपिंग बॅग, टॉर्च यांची यादी फटाफट होते. घोडं अडतं ते खाण्यापाशी. चिकन, पनीर, दही, दूध सोबत न्यायचं तर आइस बॉक्स लागतो. मग ग्रुपवर चर्चा सुरू होते. दहा लिटरचा घ्यायचा की वीसचा? थर्माकोलची पेटी चालेल की जाड भिंतीचा डबाच पाहिजे? बर्फाचा चुरा भरायचा की लादीचा तुकडा? वितळलेलं पाणी ठेवायचं की ओतून टाकायचं?

या प्रश्नांची उत्तरं शोधण्यात एका माणसाचं अर्धं आयुष्य गेलं. त्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. अमेरिकेत त्याला ‘आइस किंग’ म्हणून ओळखतात. फ्रीज घराघरात यायच्या शंभरएक वर्षं आधी त्याने बर्फ जहाजात भरून चार महिन्यांच्या प्रवासाने कलकत्त्याला पोहोचवला होता.

फ्रेडरिकचा जन्म 4 सप्टेंबर 1783 चा, बोस्टनचा. घर खात्यापित्यातलं. वडील विल्यम ट्यूडर नामांकित वकील, जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात त्यांनी कायद्याचं काम पाहिलं होतं. थोरला भाऊ हार्वर्डला शिकला. फ्रेडरिकने मात्र तेराव्या वर्षीच शाळेला रामराम ठोकला आणि धंद्यात उडी घेतली.

ट्यूडर कुटुंबाची बोस्टनजवळ रॉकवुड नावाची शेतवाडी होती. तिथलं तळं हिवाळ्यात गोठायचं. तो बर्फ कापून कोठारात ठेवायचा आणि उन्हाळ्यात सरबत, आइस्क्रीमसाठी काढायचा, ही त्या भागातल्या पैसेवाल्यांची जुनी पद्धत. फ्रेडरिक हे लहानपणापासून बघत होता.

1801 मध्ये आजारी भाऊ जॉन हेन्री याला घेऊन तो क्युबातल्या हवानाला गेला. गरम हवेत भावाला बरं वाटेल असा हेतू होता, पण तिथल्या उकाड्याने दोघेही हैराण झाले. ते परतले आणि पुढच्याच वर्षी जॉन हेन्री वारला. त्या गरमीत आपल्या तळ्यातला बर्फ मिळाला असता तर लोकांनी काय किंमत मोजली असती, हा विचार पुढे फ्रेडरिकच्या डोक्यात पक्का बसला. 1805 मध्ये थोरल्या भावाने विषय काढला तो गमतीत, असं सांगतात. फ्रेडरिकने तो मनावर घेतला.

पण बर्फ न्यायला एकही जहाजमालक तयार होईना. बर्फाचं पाणी होईल आणि आपलं जहाज बुडेल, ही प्रत्येकाला भीती. शेवटी गड्याने 4,750 डॉलर मोजून ‘फेव्हरिट’ नावाचं जहाजच विकत घेतलं. 10 फेब्रुवारी 1806 ला ते कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे निघालं, तेव्हा अख्खं बोस्टन हसत होतं.

आता गंमत बघा. तीन आठवड्यांच्या प्रवासानंतर बराचसा बर्फ शाबूत पोहोचला. घोळ झाला तो पुढे. बेटावर बर्फ ठेवायला कोठारच नव्हतं, त्यामुळे माल जहाजावरूनच विकायची वेळ आली. त्यात गिऱ्हाइकांनी बर्फ जन्मात पाहिलेला नव्हता. कुणी तो भर उन्हातून उघडाच घरी नेला, दाराशी ताटात ठेवला आणि वितळतोय म्हणून तक्रार केली. कुणी पाण्यात ठेवला, तर कुणी मिठात. मीठ लावलं की बर्फ आणखी लवकर वितळतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! ट्यूडरला हजारो डॉलरचा फटका बसला.

पुढची वर्षं तर आणखी वाईट गेली. 1807 च्या शेवटी अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली. 1812 मध्ये ब्रिटनशी युद्ध पेटलं. वडिलांचा पैसा जमिनीच्या व्यवहारात बुडाला. फ्रेडरिकवर कर्ज इतकं चढलं की 1812 आणि 1813 मध्ये त्याला तुरुंगात जावं लागलं. युद्ध संपल्यावर, 1815 च्या अखेरीस, तो पुन्हा उसन्या पैशावर हवानाला निघाला, तेव्हाही वसुलीवाले मागावर होतेच.

एवढं होऊनही त्याने धंदा सोडला नाही, कारण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. बर्फ तर तळ्यात फुकट पडलाय. पैसा आहे तो बर्फ न वितळू देण्यात. थोडक्यात, धंदा बर्फाचा नव्हता, पेटीचा होता.

मग त्याने प्रयोग सुरू केले. बर्फाभोवती गवत लावून बघितलं, भाताचं तूस लावलं, रंध्याने निघणारा लाकडाचा कीस लावला, कोळशाची भुकटी लावली. हवानात दुहेरी भिंतींचं कोठार बांधलं. कुठल्या रचनेत किती बर्फ वितळतो हे तो मोजत बसायचा. शेवटी नंबर लागला लाकडाच्या भुशाचा. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लाकूड गिरण्यांमध्ये हा भुसा कचरा म्हणून पडून असायचा. आपल्याकडेही बर्फाची लादी भुसा आणि गोणपाट गुंडाळून विकायची पद्धत होतीच. कारण तेच. भुशाच्या कणांमध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेली, न हलणारी हवा उष्णता सहजासहजी आत येऊ देत नाही. थर्माकोल काय किंवा आइस बॉक्सच्या भिंतीतला फोम काय, काम याच तत्त्वावर करतात.

या काळात त्याचा एक डाव मात्र साफ फसला, आणि आइस बॉक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा असा आहे. 1816 मध्ये त्याने 40 टक्के व्याजाने पैसे उचलले आणि क्युबातली संत्री, लिंबं, केळी 15 टन बर्फ आणि 3 टन गवतात रचून न्यूयॉर्कला पाठवली. प्रवास साधारण महिन्याभराचा. जहाज पोहोचलं तेव्हा जवळपास सगळी फळं सडली होती. नुसता बर्फ टिकवणं वेगळं आणि बर्फासोबत खाणं टिकवणं वेगळं. खाण्याला गारवा सतत लागतो, आणि ओल लागली की ते खराब होतं.

छोट्या अंतरासाठी हे गणित आधीच एका शेतकऱ्याने सोडवलं होतं. मेरीलँडच्या थॉमस मूर याने देवदाराच्या लाकडी पिंपात पत्र्याचा डबा बसवला. दोन्हींच्या मधल्या जागेत बर्फ भरला आणि वरून सशाच्या कातड्याचं आवरण घातलं. आतल्या डब्यातलं लोणी बाजारात पोहोचेपर्यंत घट्ट राहायचं आणि त्याला भावही जास्त मिळायचा. 1803 मध्ये त्याला या पेटीचं पेटंट मिळालं. बर्फ एका कप्प्यात, खाणं दुसऱ्या कोरड्या कप्प्यात, एवढीच त्यातली युक्ती.

ट्यूडरकडे परत येऊ. माल टिकायला लागला, पण घेणार कोण? त्याने बारवाल्यांना सुरुवातीला बर्फ फुकट दिला. अट एकच, गार पेय साध्या पेयाच्याच किमतीत विकायचं. एकदा गार प्यायची सवय लागली की लोक कोमट पिणार नाहीत, हा त्याचा होरा खरा ठरला. 1817 मध्ये चार्ल्सटन, मग सव्हाना, 1820 मध्ये न्यू ऑर्लिन्स अशी एकेक शहरं त्याच्या गळाला लागली.

1825 मध्ये दुसरा मोठा बदल झाला. नॅथॅनियल वायथ नावाच्या माणसाने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर बनवला. तोवर बर्फ हाताने, वेडावाकडा कापला जायचा. आता एकसारखे चौकोनी ठोकळे निघायला लागले. खर्च तर कमी झालाच, पण ठोकळ्याला ठोकळा चिकटून बसल्याने मधल्या फटी गेल्या. हवा खेळायला जागाच उरली नाही आणि वितळण्याचं प्रमाण खाली आलं.

यानंतर त्याने थेट भारताकडे मोर्चा वळवला. 12 मे 1833 ला ‘टस्कनी’ हे जहाज बोस्टनहून कलकत्त्याकडे निघालं. त्यात 180 टन बर्फ होता आणि सोबत सफरचंदंही होती. तेव्हा सुएझ कालवा नव्हता, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून जायचं आणि दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. सप्टेंबरमध्ये जहाज पोहोचलं तेव्हा जवळपास 100 टन बर्फ शिल्लक होता.

कलकत्त्यात तोवर हिवाळ्यात मातीच्या पसरट भांड्यांत पाणी गोठवून पातळ, चिखलासारखा बर्फ बनवायचे. त्यापुढे हे काचेसारखे ठोकळे बघून साहेब लोक खूश झाले. जकात माफ झाली, बर्फ रात्रीच्या गारव्यात उतरवायची परवानगी मिळाली आणि गव्हर्नर जनरल बेंटिंकने बर्फ घेऊन आलेल्या रॉजर्सला चांदीचा चषक दिला. बर्फासाठी कोठार बांधायला लोकांनी वर्गणी काढली.

मुंबईत बर्फ आला 1834 मध्ये. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, हा किस्सा आजही सांगितला जातो. पुढे मुंबईच्या फोर्ट भागात आणि मद्रासमध्येही आइस हाऊस उभी राहिली.

त्याच वर्षी, वयाच्या पन्नाशीत, ट्यूडरने 19 वर्षांच्या युफेमिया फेनोशी लग्न केलं. पण सुख काही लगेच लाभलं नाही. कॉफीच्या सट्ट्यात तो इतका बुडाला की डोक्यावर दोन लाख डॉलरहून जास्त कर्ज झालं. ते फेडायला त्याला पुढची पंधराएक वर्षं लागली, आणि त्यात कलकत्त्याच्या बर्फाची कमाई मोठ्या कामाला आली. 1846-47 च्या हिवाळ्यात त्याचे मजूर प्रसिद्ध वॉल्डन तळ्यावर बर्फ कापत होते. काठावर राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरोने ते पाहिलं आणि आपल्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात लिहूनही ठेवलं.

6 फेब्रुवारी 1864 ला ट्यूडर वारला, तेव्हा तो बोस्टनच्या श्रीमंतांपैकी एक होता. पुढे बर्फाचे कारखाने निघाले आणि तळ्यातल्या बर्फाचा धंदा बसला. कलकत्ता आणि मुंबईची आइस हाऊस पाडली गेली. मद्रासचं मात्र चेन्नईत उभं आहे. स्वामी विवेकानंद 1897 मध्ये तिथे राहिले होते, म्हणून त्याला आता विवेकानंदर इल्लम म्हणतात.

मग बाईकवरच्या आइस बॉक्सला यातलं काय लागू पडतं? बरंच काही.

ट्यूडरचा ढीग 180 टनांचा होता. मोठा ढीग हळू वितळतो, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी असतो. आपला डबा छोटा, म्हणून भिंतीची जाडी आणि झाकणाचं रबर बघूनच घ्या. वीस लिटरचा अर्धा रिकामा डबा नेण्यापेक्षा दहा लिटरचा गच्च भरलेला बरा. उरलेल्या फटीत टॉवेल कोंबा. चुऱ्याऐवजी लादीचा तुकडा किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. बाटलीतलं पाणी नंतर प्यायलाही होतं आणि डब्यात ओल होत नाही. डबा आणि खाणं आदल्या रात्रीच गार करून घ्या, म्हणजे बर्फ त्यांना गार करण्यातच संपत नाही.

ट्यूडरला पाणी काढून टाकावंच लागायचं, कारण भिजलेल्या भुशात उष्णता अडत नाही. प्लास्टिकच्या डब्याच्या भिंती भिजत नाहीत, त्यामुळे गार पाण्याची घाई नाही. पण कच्च्या चिकनचं पाणी दह्याला लागलं तर पोट बिघडलंच समजा. म्हणून थॉमस मूरसारखं करा, प्रत्येक पदार्थ घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात. चिकन-दुधाचं तापमान 5 अंशांच्या वर जाऊन काही तास झाले असतील, तर वास चांगला असला तरी ते खाऊ नका.

आणि वजन विसरू नका. एक लिटर बर्फ जवळपास एक किलो भरतो. डबा कॅरिअरच्या टोकाला लटकवला की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात गाडी डुगडुगते. त्यामुळे तो मागच्या सीटवर, आपल्या पाठीला लागून, सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि दोन्ही दिशांनी पट्ट्यांनी आवळा. वरून फिकट रंगाचं कापड टाका. झाकण मात्र मुक्कामावर पोहोचेपर्यंत उघडू नका, कारण ते जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा आतली गार हवा जाणार आणि बाहेरची गरम हवा आत येणार.