व्ही. व्ही. गिरी यांचे आयर्लंडमधील विद्यार्थिजीवन

वराहगिरी वेंकट गिरी (१० ऑगस्ट, १८९४ – २४ जून, १९८०) हे भारताचे चौथे राष्ट्रपती आणि कामगार चळवळीतील एक प्रमुख नेते होते. १९१३ ते १९१६ या काळात ते कायद्याच्या शिक्षणासाठी डब्लिन येथे वास्तव्यास होते. या वास्तव्यात त्यांनी वकिलीची सनद मिळवली. त्याचबरोबर आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा आणि तेथील कामगार चळवळ यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला.

पार्श्वभूमी

गिरी यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील बेरहामपूर (आता ओडिशा राज्यातील ब्रह्मपूर) येथे एका तेलुगू भाषक कुटुंबात झाला. वडील जोगय्या पंतुलू हे वकील होते व काँग्रेसच्या कार्यात सहभागी होत असत. आई सुभद्रम्मा यांनी पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत कारावास भोगला. बेरहामपूरच्या खल्लीकोट महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १९१३ मध्ये गिरी आयर्लंडला गेले. त्या वेळी आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग होता आणि डब्लिनमध्ये मिळालेली बॅरिस्टरची सनद भारतातील वकिलीसाठी उपयोगी पडत असे.

शिक्षण

आयर्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी किंग्ज इन्स या संस्थेत नाव नोंदवावे लागे. व्याख्याने आणि परीक्षा यांच्या जोडीला संस्थेच्या सभागृहात ठरावीक संख्येने सहभोजनांना उपस्थित राहणे ही तेथील विद्यार्थ्यांसाठी सक्तीची अट होती. वकिलीच्या व्यवसायातील शिष्टाचार आणि ज्येष्ठांचा परिचय या भोजनांतून व्हावा, असा त्यामागील हेतू होता. याशिवाय विद्यार्थ्यांना विद्यापीठातील एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागे. त्यासाठी १९१४-१५ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथे दाखल झालेल्या १३ भारतीय विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीत गिरी यांचा समावेश होता. १९१४ ते १९१७ या काळात या महाविद्यालयात एकूण ५० भारतीय विद्यार्थी शिकले.

गिरी यांनी या सक्तीच्या अभ्यासक्रमापुरतेच शिक्षण मर्यादित न ठेवता बी.ए.च्या वर्गातही नाव घातले. तेथे कवी व नाटककार थॉमस मॅकडोना हे त्यांना इंग्रजी शिकवीत. अर्थशास्त्राचे अध्यापन सहकारी चळवळीतील कार्यकर्ते व जेझुइट धर्मगुरू थॉमस फिन्ले यांच्याकडे होते.

डब्लिनमधील परिस्थिती

गिरी ज्या वर्षी आयर्लंडला गेले, त्याच वर्षी डब्लिनमध्ये मोठा कामगार संघर्ष उभा राहिला. ऑगस्ट १९१३ मध्ये ट्रामच्या कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. जिम लार्किन यांच्या वाहतूक कामगार संघटनेचे सभासदत्व सोडण्यास नकार देणाऱ्या कामगारांना मालकांनी कामावर घेणे बंद केले. ही टाळेबंदी जानेवारी १९१४ पर्यंत चालली आणि तिची झळ सुमारे २०,००० कामगारांना बसली. पोलिसांच्या लाठीमारापासून कामगारांचे रक्षण करण्यासाठी याच काळात आयरिश सिटिझन आर्मी हे दल स्थापन झाले. १९१४ मध्ये लार्किन अमेरिकेला गेल्यावर संघटनेची सूत्रे जेम्स कॉनली यांच्याकडे आली.

शहरातील दारिद्र्य विद्यार्थ्यांच्या नजरेआड नव्हते. किंग्ज इन्सला लागून असलेल्या हेन्रिएटा स्ट्रीटवरील जुन्या सरदारी वाड्यांचे तोपर्यंत गरिबांच्या चाळींत रूपांतर झाले होते. १९११ च्या जनगणनेनुसार या रस्त्यावरील १५ घरांत ८३५ माणसे राहत होती.

राजकीय कार्य

पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर १९१४ मध्ये गिरी यांनी लंडनला जाऊन महात्मा गांधींची भेट घेतली. गिरी यांनी रेड क्रॉसचे स्वयंसेवक म्हणून युद्धकार्यात साहाय्य करावे, अशी गांधींची इच्छा होती. गिरी यांनी प्रथम होकार दिला, परंतु नंतर त्यांना या निर्णयाचा पश्चात्ताप झाला.

डब्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अत्याचारांची माहिती देणारी एक पुस्तिका तयार केली. तिच्या निर्मितीत गिरी यांचा सहभाग होता. ही पुस्तिका ब्रिटिश गुप्तचरांच्या हाती लागली आणि या विद्यार्थ्यांवरील पोलिसांची पाळत वाढली. याच काळात गिरी वृत्तपत्रांतून व नियतकालिकांतून निनावी लेखनही करीत होते.

ईस्टरचा उठाव आणि हद्दपारी

२४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला. बंडखोरांनी ताब्यात घेतलेल्या ठिकाणांमध्ये फोर कोर्ट्स ही न्यायालयाची इमारत आणि महाविद्यालयाजवळचे सेंट स्टीफन्स ग्रीन हे उद्यानही होते. त्यामुळे कायद्याच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा परिसरच रणभूमी बनला. सहा दिवसांत उठाव मोडून काढण्यात आला. उठावातील एका तुकडीचे नेतृत्व केल्याबद्दल गिरी यांचे अध्यापक मॅकडोना यांना ३ मे रोजी गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. जखमी अवस्थेतील कॉनली यांना १२ मे रोजी खुर्चीला बांधून ठार करण्यात आले.

कॉनली, पॅट्रिक पिअर्स आणि एमन डी व्हॅलेरा या नेत्यांशी गिरी यांचा संबंध असल्याचा संशय होता. उठावानंतर भारतीय विद्यार्थ्यांवरील पाळत अधिक कडक झाली. १ जून १९१६ रोजी गिरी यांना १ जुलैपर्यंत देश सोडण्याची नोटीस बजावण्यात आली. या मुदतीत, २१ जून रोजी, त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली. बी.ए.चे शिक्षण मात्र अपूर्ण राहिले.

नंतरच्या कार्यावरील प्रभाव

भारतात परतल्यावर गिरी यांनी मद्रास उच्च न्यायालयात वकिली सुरू केली आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीत भाग घेतला. असहकार आंदोलनाच्या वेळी त्यांनी चांगली चाललेली वकिली सोडली. डब्लिनमध्ये मिळवलेल्या सनदेवर त्यांनी अशा रीतीने अल्पकाळच उपजीविका केली. याउलट कामगार संघटनेचे काम त्यांनी आयुष्यभर केले. त्यांनी वाहतूक क्षेत्रातील कामगारांपासून सुरुवात केली. बंगाल नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना त्यांनी बांधली आणि अखिल भारतीय रेल्वे कर्मचारी महासंघाच्या उभारणीत ते अग्रभागी होते. १९२६ व १९४२ मध्ये ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१९५२ मध्ये ते केंद्रीय कामगारमंत्री झाले. औद्योगिक तंटे सक्तीच्या लवादाऐवजी मालक व कामगार यांच्यातील वाटाघाटींनी सुटावेत, असा त्यांचा आग्रह होता. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनविषयक निवाड्यात सरकारने केलेल्या बदलांमुळे त्यांनी ऑगस्ट १९५४ मध्ये राजीनामा दिला. पुढे त्यांनी उत्तर प्रदेश, केरळ व म्हैसूर या राज्यांचे राज्यपालपद आणि १९६७ पासून उपराष्ट्रपतिपद भूषवले. १९६९ मध्ये अपक्ष उमेदवार म्हणून ते राष्ट्रपतिपदी निवडून आले व १९७४ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना भारतरत्न पुरस्कार देण्यात आला. नोएडा येथील राष्ट्रीय श्रम संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.