नाताळच्या पंगतीचा यजमान : चार्ल्स डिकन्स

ख्रिस्तजन्माचा सोहळा देवालयातील घंटानादाने सुरू होतो; परंतु त्याची सांगता होते ती घराघरांत. मध्यरात्रीची उपासना आटोपून मंडळी परततात, तेव्हा घरात केकचा, ताज्या बिस्किटांचा आणि मनुका-दालचिनीचा दरवळ भरून राहिलेला असतो. वर्षभर पांगलेले कुटुंब एका मेजाभोवती गोळा होते. ही घरगुती पंगत आज नाताळाचे अविभाज्य अंग वाटते. इंग्रजी भाषिक जगात तिला हे मानाचे स्थान मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांत आंग्ल कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हा सण त्याने नव्याने निर्माण केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १६४७ मध्ये प्युरिटन पंथीयांचे वर्चस्व असलेल्या पार्लमेंटने नाताळ साजरा करण्यास बंदी घातली होती. १६६० मध्ये राजसत्ता पुन्हा आल्यावर तो पुन्हा उघडपणे साजरा होऊ लागला. जुन्या रूढी खेडोपाडी टिकूनही होत्या. डिकन्सने त्यांना शहरातील सामान्य माणसाच्या चुलीपाशी आणून बसविले. ज्याच्या स्वतःच्या बालपणीची पंगत अकाली उधळली गेली, त्याच्या हातून हे कार्य घडावे, हा योग विलक्षण खरा. आजच्या पर्वानिमित्त त्याच्या चरित्राकडे या अंगाने पाहणे उद्बोधक ठरावे.

चार्ल्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या वेतन कचेरीत कारकून होते. आठ भावंडांत चार्ल्स दुसरा. चॅटम या बंदराच्या गावी त्याची बालपणीची पाच वर्षे सुखात गेली. १८२२ मध्ये कुटुंब लंडनला कॅम्डन टाउन या वस्तीत राहावयास आले आणि दैवाचे फासे फिरले. वडील स्वभावाने उमदे. परंतु खर्चाचा हात सैल. देणी वाढत गेली, घरातील पुस्तके व सामानसुमान गहाण पडले. अखेर फेब्रुवारी १८२४ मध्ये त्यांची रवानगी मार्शलसी या ऋणकोंच्या तुरुंगात झाली. त्यांना तुरुंगात नेणारे देणे होते चाळीस पौंड दहा शिलिंगांचे, आणि ते होते एका पाववाल्याचे. ज्या भट्टीतील पावावर लेकरे वाढत होती, तिच्याच उधारीने त्यांचे घर मोडले.

वडिलांच्या अटकेपूर्वीच, वयाची बारा वर्षे पुरी होताच, चार्ल्सला टेम्स नदीकाठच्या एका वखारीत कामाला लावण्यात आले होते. बुटांच्या काळ्या पॉलिशच्या बरण्यांना कागद बांधावयाचे आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवावयाच्या, हे त्याचे काम. आठवड्याचा पगार सहा शिलिंग. आई व धाकटी भावंडे वडिलांबरोबर तुरुंगातच राहावयास गेली. चार्ल्स मात्र परक्याच्या घरी एकटा राहू लागला. मिळालेल्या पगारात त्याला आठवडाभराची पोटाची सोय करावी लागे. कामावर जाताना टॉटनम कोर्ट रोडवर मिठाईच्या दुकानांच्या दाराशी शिळ्या पेस्ट्रीची तबके अर्ध्या किमतीला मांडलेली असत. त्या मुलाचा पाय तेथे अडे आणि दुपारच्या जेवणाचे पैसे सकाळीच संपून जात. जवळपास पुडिंगची दोन दुकाने होती. एकाचे पुडिंग बेदाण्यांचे व उत्तम, परंतु महाग. दुसऱ्याचे जड, पिठूळ आणि दूर दूर खोचलेल्या मनुकांचे, पण स्वस्त. खिशात किती नाणी उरली आहेत, यावर कोणते दुकान गाठावयाचे ते ठरे. पुढे ज्याच्या लेखणीतून पक्वान्नांच्या राशी उतरल्या, त्याने त्या पदार्थांची ओळख अशी दुकानाच्या दाराबाहेर उभे राहून करून घेतली होती.

काही महिन्यांनी वडील सुटले. तरीही मुलाने कामावर जात राहावे, असे आईचे मत पडले. वडिलांनी ते मानले नाही व त्याला शाळेत घातले. आईचे ते मत चार्ल्सच्या मनातून जन्मभर गेले नाही. त्या दिवसांविषयी पुढे त्याने कमालीचे मौन पाळले. त्याचा स्नेही जॉन फॉर्स्टर याला मात्र त्याने ही हकीकत सांगितली व लिहूनही दिली. प्रत्यक्ष मुलांना पित्याच्या हयातीत तिचा पत्ता लागला नाही.

वकिलाच्या कचेरीतील उमेदवारी, लघुलेखन, पार्लमेंटच्या कामकाजाची वार्तापत्रे अशा पायऱ्या चढत डिकन्स साहित्यात आला. १८३६ मध्ये त्याचा कॅथरिन होगार्थ हिच्याशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेले. खेड्यातील एका प्रशस्त घरचा नाताळ या कादंबरीत त्याने मोठ्या प्रेमाने रंगविला आहे. परंतु तो होता सुखवस्तू लोकांचा नाताळ. ज्यांच्या घरी प्रशस्त स्वयंपाकघर नाही, त्यांच्या सणाचे काय, हा प्रश्न अद्याप बाकी होता.

त्याचे उत्तर १८४३ साली आले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डिकन्सने लंडनमधील फील्ड लेन भागातील निर्धन मुलांची शाळा पाहिली. चोऱ्यामाऱ्यांत वाढलेली, चिंध्या पांघरलेली ती मुले पाहून त्याचे अंतःकरण हेलावले. ऑक्टोबरमध्ये त्याने लेखन सुरू केले आणि अवघ्या सहा आठवड्यांत ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कथा पूर्ण केली. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. सोनेरी वेलबुट्टी, रंगीत चित्रे, उत्तम कागद असा थाट असूनही किंमत पाच शिलिंगच ठेवण्याचा लेखकाचा आग्रह होता. त्यामुळे हजार पौंडांची अपेक्षा असता पहिल्या आवृत्तीने त्याच्या हाती सुमारे दोनशे तीस पौंडच पडले.

स्क्रूज या कृपण सावकाराचे हृदयपरिवर्तन सर्वश्रुत आहे. परंतु या कथेचा प्राण आहे तो त्याचा कारकून बॉब क्रॅचिट याच्या घरची पंगत. हे बिऱ्हाड डिकन्सने कॅम्डन टाउनमध्येच ठेवले आहे, जेथे त्याचे स्वतःचे घर मोडावयास आले होते. क्रॅचिटच्या घरी भट्टी नाही. नाताळचा हंस भाजून येतो तो पाववाल्याच्या दुकानातून. पुडिंग उकडते ते कपडे उकळण्याच्या हंड्यात. ही कविकल्पना नव्हे. त्या काळी लंडनमधील गोरगरिबांच्या घरी विस्तव असे. पण भाजण्याची सोय नसे. रविवारी व नाताळच्या दिवशी पाववाल्यांना नेहमीसारखे पाव भाजण्यास मनाई होती. मग त्यांच्या तापलेल्या भट्ट्यांत शेजारपाजारची मंडळी आपापली जेवणाची भांडी आणून देत आणि चार पैसे मोजून भाजलेले अन्न घरी नेत. दिवाळीपूर्वी नानकटाईचे पीठ डब्यात भरून बेकरीतून भाजून आणण्याची आपल्याकडील रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य सहज डोळ्यांसमोर आणता येईल.

रविवारी हे सर्व व्यवहार बंद करावेत, अशी विधेयके १८३० नंतरच्या दशकात पार्लमेंटमध्ये वारंवार मांडली जात होती. धर्माच्या नावाने गरिबांचे आठवड्यातील एकमेव गरम जेवण हिरावून घेण्याचा हा प्रकार डिकन्सला असह्य झाला. १८३६ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका लिहून त्याने त्याविरुद्ध आवाज उठविला होता. ‘कॅरल’मध्येही भट्टीच्या दाराशी ताटे घेऊन येणाऱ्या लोकांचे दृश्य त्याने मुद्दाम घातले. पाववाल्याच्या उधारीपायी ज्याचे घर मोडले, त्याने त्या पाववाल्याचे दार गरिबांसाठी सणाच्या दिवशी उघडे राहावे म्हणून लेखणी झिजवली.

डिकन्सच्या स्वतःच्या घरी नाताळ म्हणजे आनंदाचा पूर असे. त्याला दहा अपत्ये झाली. दर वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तो मुलांना होबर्नमधील खेळण्यांच्या दुकानात नेई आणि मनसोक्त निवड करू देई. मेमी व केटी या मुलींनी त्याला पोल्का नृत्य शिकविले, तेव्हा पाऊल विसरू नये म्हणून थंडीच्या रात्री अंथरुणातून उठून त्याने त्याचा सराव केला. जादूचे प्रयोग ही त्याची खास हौस. कच्ची अंडी व पीठ एखाद्या पाहुण्याच्या हॅटमध्ये ओतून तीतून तो वाफाळते पुडिंग काढून दाखवी. पाहुण्यांच्या या वर्दळीचा भार अर्थात कॅथरिनवर असे. ती गृहकृत्यदक्ष होती. दोघांपासून अठरा जणांपर्यंतच्या जेवणांचे बेत सुचविणारे एक पुस्तक तिने १८५१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केले व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

थोरला मुलगा चार्ली याचा जन्म ६ जानेवारीचा. नाताळपासून बाराव्या दिवशी येणारा हा तीन राजांचा सण. गोव्यात आजही त्याचे फेस्त भरते. इंग्लंडात त्या रात्री शर्करेच्या नक्षीने मढविलेला मोठा केक कापत आणि चित्रांच्या चिठ्ठ्या काढून जो तो राजा, राणी वा विदूषक होई. प्रसिद्ध दानशूर महिला अँजेला बर्डेट-कूट्स ही चार्लीसाठी असा केक पाठवीत असे. कुटुंब १८४४-४५ मध्ये इटलीत जिनोव्हा येथे असताना तिने पाठविलेला केक नव्वद पौंड वजनाचा होता. केक पोहोचला, पण सोबतची चित्रे जकात अधिकाऱ्यांनी संशयाने अडवून ठेवली, याचे डिकन्सला मोठे हसू आले. शतकाच्या उत्तरार्धात बाराव्या रात्रीचा हा उत्सव मागे पडला आणि तो केक नाताळच्या मेजावर येऊन स्थिरावला.

या हौसेमौजेत सणाचा मूळ हेतू हरवू नये, याचीही त्याला जाणीव होती. १८४६ ते १८४९ या काळात त्याने केवळ आपल्या मुलांसाठी प्रभू येशूचे चरित्र सोप्या भाषेत लिहिले. दीनदुबळ्यांविषयीची करुणा हे त्याचे सूत्र. ते त्याने छापू दिले नाही. शेवटचे हयात अपत्य हेन्री निवर्तल्यानंतर, १९३४ मध्ये, ते प्रकाशात आले.

परंतु सत्य लपवून चरित्र पुरे होत नाही. घराघरांची पंगत जुळविणाऱ्या या माणसाने आपल्या घरची पंगत मोडली. १८५७ मध्ये एलन टर्नन या तरुण अभिनेत्रीशी त्याचा परिचय झाला. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्या संसारानंतर, त्याने कॅथरिनला विभक्त केले आणि त्याविषयी आपल्या साप्ताहिकात जाहीर निवेदनही छापले. चार्ली आईकडे गेला. बाकीची मुले पित्याकडे राहिली. यानंतर केंट परगण्यातील गॅड्स हिल येथील घरी नाताळ पूर्वीसारखाच गाजत राहिला. परंतु ज्या गृहिणीने ते सारे बेत वर्षानुवर्षे निभावले, तिला त्या मेजावर जागा उरली नाही. तिच्यावरील हा अन्याय डिकन्सच्या थोरवीने झाकला जात नाही.

पुढे आणखीही आसने रिकामी झाली. दुसरा मुलगा वॉल्टर सोळाव्या वर्षी लष्करी नोकरीसाठी हिंदुस्थानात आला होता. ३१ डिसेंबर १८६३ रोजी, ऐन नाताळच्या दिवसांत, कलकत्त्यात त्याचा अंत झाला. वय अवघे बावीस. ही वार्ता इंग्लंडला पोहोचली ती ७ फेब्रुवारीस, पित्याच्या वाढदिवशी.

तरीही डिकन्सने सणाची दारे मिटली नाहीत. १८५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्याने ‘कॅरल’चे जाहीर वाचन केले, त्यांतील एक कामगारांसाठी अल्प दरात होते. १८६६ च्या नाताळात गॅड्स हिलच्या आवारात त्याने गावकऱ्यांसाठी खेळांच्या शर्यती भरविल्या. सुमारे दोन हजार माणसे लोटली. पण एका झुडपाचीही नासधूस झाली नाही.

१८६९ चा नाताळ त्याचा अखेरचा ठरला. प्रकृती खालावली होती, पाय सुजला होता. संध्याकाळी घरची मंडळी स्मरणशक्तीचा खेळ खेळत होती. प्रत्येकाने आधीची सर्व नावे क्रमाने सांगून त्यांत एकाची भर घालावयाची. डिकन्सची पाळी आली. त्याने सारी मालिका बिनचूक म्हटली आणि शेवटी स्वतःचे नाव जोडले : वॉरेनचे बूट-पॉलिश आणि त्याचा स्ट्रँडवरील पत्ता. बोलताना त्याच्या स्वरात व नजरेत काही वेगळेच उमटले, हे हेन्रीच्या ध्यानी आले. अर्थबोध मात्र कोणालाच झाला नाही. खेळ पुढे चालू राहिला.

९ जून १८७० रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, डिकन्स गॅड्स हिल येथे निवर्तला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला चिरविश्रांती मिळाली. त्यानंतर फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड निघाला आणि त्या संध्याकाळच्या शब्दांचा अर्थ मुलांना उमगला. भरल्या घरात, पक्वान्नांच्या मेजापासून काही पावलांवर बसून, पिता त्या वखारीतील बारा वर्षांच्या पोराला क्षणभर आपल्यात घेऊन आला होता.

डिकन्सच्या नाताळात केक, पुडिंग व भाजलेल्या हंसाचे एवढे अगत्य का, याचा उलगडा येथे होतो. ते वर्णन तृप्त माणसाचे नाही. उपाशी राहिलेल्या मुलाचे आहे. आज घरोघरी भट्ट्या तापल्या आहेत आणि मिठाईच्या दुकानांची तबके भरून वाहत आहेत. त्या दुकानांच्या दाराशी खिशातील नाणी मोजत उभे असलेले मूल कोणाचे, हे विचारण्याइतका वेळ सणाच्या गडबडीत आपण काढला आणि घरातील एक ताट त्याच्यासाठी वाढले, तर त्या ताटात डिकन्सचा नाताळ पोहोचला, असे म्हणता येईल.