मराठीचे पाणिनी

विशेषनाम कोणते आणि सामान्यनाम कोणते, हे मराठी शाळेत शिकलेला कोणीही चटकन सांगेल. पण हा पाठ ज्यांच्या ग्रंथाने घरोघर पोहोचविला, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांची आठवण आज कितीजणांस असेल?

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईस झाला. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. केरीसाहेबांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण लिहिले होते, पण ते इंग्रजीत. दादोबांनी लिहिले ते मराठीतून, मराठी मुलांसाठी. परिभाषा बरीचशी संस्कृताची, मांडणी पुष्कळशी इंग्रजी वळणाची. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांनी त्या मांडणीची कसून छाननी केली. परंतु वाड्याची डागडुजी करायची तर आधी वाडा उभा असावा लागतो. तो दादोबांनी उभा केला.

आपल्या माळव्याशीही त्यांचा ऋणानुबंध होता. जावऱ्याच्या नबाबाचे ते काही काळ शिक्षक होते. पुढे सुरतेस असताना १८४४ साली दुर्गाराम मेहतांसमवेत त्यांनी मानवधर्म सभा काढली. मुंबईस १८४९ साली परमहंस सभा निघाली, तिचेही ते अध्वर्यू. जातिभेद मोडू पाहणारी ही सभा गुप्तपणे भरे. कारण उघड झाल्यास बहिष्कार ठरलेला. नगरास डेप्युटी कलेक्टर असताना सरकारने त्यांस रावबहादूर केले, तेही येथे नमूद करावे.

व्याकरणात शब्दांच्याही ‘जाती’ असतात. पण त्या जन्माने चिकटत नाहीत. ‘गोड गळा’ यात गोड हे विशेषण. ‘ती गोड गाते’ म्हटले की तेच क्रियाविशेषण. आणि ‘त्याला गोड आवडते’ यात ते नाम होऊन बसते. शब्द वाक्यात काय काम करतो, त्यावरून त्याची जात ठरते. शब्दांच्या जाती लावून देणाऱ्या गृहस्थाने माणसांच्या जाती मोडण्यासाठीही जिवाचा धोका नसला तरी अब्रूचा धोका पत्करावा, ही गोष्ट मुलांना व्याकरण शिकविताना अवश्य सांगावी.

दादोबा १८८२ साली निवर्तले. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पाणिनी हे विशेषनाम. परंतु गल्लोगल्लीच्या तानसेनांप्रमाणे येथे ते सामान्यनाम झाले आहे. फरक एवढाच, की तानसेन आपण थट्टेने म्हणतो. दादोबांना ही पदवी मात्र मनापासून दिली गेली.